एका गणिताची तीन उत्तरं, आणि बरोबर उत्तर चौथंच

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे, निर्देशक भूमिती चालू आहे. परवा रात्री तिने एक गणित आणलं, ए (−३, ४) आणि बी (५, −२) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा. मी काढला तर −३ आला. तिचा आला −४/३. तिचे काका आले होते घरी, ते इंजिनिअर आहेत, त्यांनी उभ्या उभ्या ३/४ काढला आणि वर म्हणाले की आकडा महत्त्वाचा, चिन्हाचं काय एवढं. पुस्तकात मागे उत्तर आहे −३/४. म्हणजे तिघंही चूक, आणि फॉर्म्युला तर तिघांनी तोच वापरला हो, दोन वायची वजाबाकी भागिले दोन एक्सची वजाबाकी! आता मुलगी म्हणते तुम्हाला कोणालाच येत नाही, मी आपली पाठ करते. शिवाय तिने विचारलं की चढ काढताना भागायचंच का असतं, वजाबाकी करून का नाही चालत, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. मला हे नीट समजून घ्यायचंय. खरं सांगते, शाळेत मीसुद्धा हे पाठ करूनच पास झालेय. आणि परीक्षेत प्रत्येक गणिताला आलेख काढत बसायला वेळ नसतो, मग तपासायचं कसं तेही सांगा.
एक आई

उत्तर:

अहो, पत्र वाचून आधी हसूच आलं, रागावू नका, पण या धड्यात माणसं ज्या तीन चुका हमखास करतात त्या तुम्ही तिघांनी घरातल्या घरात एकेक वाटून घेतल्यात, एकाचीही चूक दुसऱ्यासारखी नाही. मी बरीच वर्षं मुलांचे गणिताचे पेपर तपासलेत, आणि चढाच्या गणितात या तिन्हींपलीकडची चूक क्वचितच दिसते. त्यामुळे तुमचं हे एक गणित नीट सोडवलं ना, की अर्धा धडा झाला समजा.

पण आधी फॉर्म्युला बाजूला ठेवा. खरंच ठेवा, वहीचं ते पान उलटा. एक ग्राफ पेपर घ्या, नसला तर चौकटीची वही चालेल, आडवा एक्स-अक्ष, उभा वाय-अक्ष, मध्ये शून्य. ए बिंदू म्हणजे शून्यापासून तीन घरं डावीकडे आणि तिथून चार घरं वर. बी म्हणजे पाच घरं उजवीकडे आणि दोन घरं खाली. दोन्ही ठिपके द्या, पट्टी ठेवून रेघ ओढा. आता पेन्सिलचं टोक ए वर ठेवा आणि बी पर्यंत जा, पण रेघेवरून तिरकं नाही जायचं, आधी सरळ आडवं उजवीकडे आणि मग सरळ उभं. मोजत मोजत जा. −३ पासून ५ पर्यंत किती घरं? आठ. (बोट ठेवून मोजा, तोंडी नको, तोंडीतच घोळ होतो.) मग ४ पासून −२ पर्यंत खाली किती? सहा.

आठ घरं उजवीकडे, सहा घरं खाली. झालं. चढ म्हणजे एवढंच विचारणं आहे की एक घर उजवीकडे गेलो तर रेघ किती घरं वर जाते. इथे आठ घरांत सहा खाली जाते, म्हणजे एका घरात पाऊण घर खाली. खाली म्हणून मायनस. −३/४. पुस्तकाचं उत्तर आलं आणि फॉर्म्युल्याचं नावही काढलं नाही आपण.

एक गोष्ट इथेच सांगते, मराठीत या शब्दाने थोडी पंचाईत केलीय. आपण बोलताना वर जाणाऱ्याला चढ म्हणतो आणि खाली येणाऱ्याला उतार, त्यामुळे 'चढ मायनस आला' हे कानाला विचित्र लागतं, आणि मुलांना वाटतं चढ कसा काय मायनस असेल, काहीतरी चुकलं असणार, मग ती मुकाट्याने चिन्ह खोडतात. गणितात दोन्हीचं नाव चढच, उतार म्हणजे मायनस चिन्हाचा चढ, बास. आणि चढ की उतार हे ठरवताना रेघ कायम डावीकडून उजवीकडे चालायची, आपण वाचतो तशी. उलटं चाललात तर उतार चढ वाटणारच, घाट उतरताना जो रस्ता सोपा वाटतो तोच परत येताना दम काढतो, तसंच.

आता तिघांच्या चुका. मुलीपासून सुरू करते कारण तिची चूक मला सगळ्यात आवडली.

तिचा −४/३ आला म्हणजे तिने आठ वर ठेवले आणि सहा खाली. का ठेवले असतील? कारण बिंदू लिहिताना आपण एक्स आधी लिहितो, वाय नंतर. (−३, ४) मध्ये −३ पहिला. मग हात आपोआप एक्सची वजाबाकी आधी करतो आणि आधी केलेलं वर लिहितो. यात मुलीचा काहीच दोष नाही, लिहायची पद्धतच तशी आहे, बिंदूत एक्स आधी आणि चढात वाय वर. हे पाठ करून लक्षात राहत नाही, परीक्षेच्या घाईत हमखास उलटतं. त्यापेक्षा तिला विचारा, की आपल्याला कळायला काय हवंय? एक घर पुढे गेल्यावर किती वर गेलो ते. मग 'वर किती' हे भागलं जाणार आणि 'पुढे किती' याने भागलं जाणार. आठ लाडू सहा मुलांत वाटायचे की सहा लाडू आठ मुलांत, हे जसं पाठ करावं लागत नाही, कोण वाटलं जातंय हे बघितलं की कळतं, तसंच आहे हे. इथे सहा घरांचं खाली जाणं आठ पावलांत वाटायचंय.

तुमची चूक वेगळी. तुमचा वरचा आकडा बरोबर आलाय, −२ वजा ४ म्हणजे −६. खाली मात्र ५ वजा (−३) करायचे होते आणि तुम्ही ५ वजा ३ केलेत, दोन आले, −६ भागिले २ म्हणजे −३. बिंदूचा मायनस आणि फॉर्म्युल्याचा मायनस असे दोन मायनस शेजारी आले की त्यातला एक गळून पडतो. हे मोठ्या माणसांचं फार होतं, कारण आपण मधल्या पायऱ्या लिहायच्या सोडून दिलेल्या असतात. उपाय एकच, ऋण संख्या आली की कंस, अगदी बाळबोध वाटला तरी कंस. ५ − (−३) असं डोळ्यांना दिसलं की हात आपोआप अधिक करतो. आणि कंस करायचा कंटाळा आला तर पेन्सिल आठवा, डावीकडच्या तीनपासून उजवीकडच्या पाचपर्यंत जाताना शून्य ओलांडावं लागतं ना, मग अंतर दोनच घरं कसं असेल?

आता काका. काकांनी वर दुसऱ्यातून पहिला वजा केला, −२ वजा ४, −६. आणि खाली पहिल्यातून दुसरा, −३ वजा ५, −८. मायनस मायनस उडाले, ३/४ आले. म्हणजे वरचा हिशोब ए कडून बी कडे चालला आणि खालचा बी कडून ए कडे. कुठूनही सुरुवात करा, ए पासून करा की बी पासून, उत्तर तेच येतं, बी पासून केलं तर ४ वजा −२ म्हणजे ६, खाली −३ वजा ५ म्हणजे −८, परत −३/४. पण एकदा ज्या बिंदूपासून निघालात तिथूनच वरचं आणि खालचं दोन्ही मोजायचं. मुलांना मी सांगायचे की दोन्ही बिंदू एकाखाली एक लिहा, दुसरा वर, पहिला त्याच्या खाली, आणि दोन्ही रकान्यांत वरच्यातून खालचा वजा करा, मग अदलाबदल व्हायला जागाच राहत नाही.

आणि काकांचं ते 'चिन्हाचं काय एवढं'. इंजिनिअर माणसाने असं म्हणावं म्हणजे कमाल आहे! हवामानाच्या अभ्यासात एक प्रमाण वातावरण धरतात, त्यात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस आणि तिथून दर किलोमीटर वर गेलं की ६.५ अंश कमी, असं ११ किलोमीटरपर्यंत. म्हणजे उंची आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्यावर घेतलं तर चढ −६.५. त्या हिशोबाने ११ किलोमीटरवर तापमान येतं −५६.५. काकांनी चिन्ह सोडलं तर तिथेच ८६.५ येईल. विमानाबाहेर गोठवणारी थंडी आहे की होरपळवणारी उष्णता हे सगळं त्या एका आडव्या रेघेवर ठरतंय.

आता मुलीचा प्रश्न, भागायचंच का. तुम्हाला उत्तर देता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात आणि जी विचारतात त्यांना गणित पुढे जमतं असं माझं मत झालंय. तिला म्हणावं, बरं, आपण वजाबाकी करून बघू. तुमच्याच रेघेवर ए पासून चार घरं उजवीकडे जा, रेघ कुठे आहे? तीन घरं खाली, (१, १) या बिंदूवर, अगदी चौकटीच्या कोपऱ्यावर येते बघा. तिथून अजून चार उजवीकडे, अजून तीन खाली, की बी आला. म्हणजे (१, १) हा बरोब्बर मधला बिंदू. आता अर्ध्या रेघेला वजाबाकी केली तर ४ वजा ३, उत्तर १. अख्ख्या रेघेला केली तर ८ वजा ६, उत्तर २. रेघ तीच, तिरकेपणा तोच, कुठेही वाकलेली नाही, आणि उत्तरं दोन! म्हणजे वजाबाकी तिरकेपणा सांगत नाहीये, ती आपण किती लांब चाललो त्यावर बदलतेय. भागाकार करून बघा, ३/४ आणि ६/८, एकच. रेघेचा कुठलाही तुकडा घ्या, छोटा घ्या, मोठा घ्या, खाली तयार होणारे त्रिकोण समरूप असतात, एकच त्रिकोण लहानमोठा करून ठेवलेला, म्हणून बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही. समरूपता हा धडा तिने याच वर्षी केलाय ना, तो इथे कामाला येतो, पण हे धडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात म्हणून मुलांना ते एकमेकांचे नातेवाईक आहेत हे कळतच नाही.

आणि उलट बाजूनेही दाखवता येतं. एक रॅम्प समजा ३० सेंटीमीटर उंच चढतो आणि आडवी जागा ६० सेंटीमीटर घेतो. दुसरा ३३० सेंटीमीटर चढतो आणि ३६० घेतो. वजाबाकी दोघांची ३०. पण पहिल्याचा चढ अर्धा आणि दुसऱ्याचा ११/१२, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस अंशांची भिंतच. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी बऱ्याच देशांच्या नियमांत एकास बारा असं प्रमाण असतं, म्हणजे त्या ३० सेंटीमीटर उंचीसाठी आडवी जागा ३६० सेंटीमीटर लागते, साडेतीन मीटरच्याही वर. उंची तीच ३० आहे, पण ती ६० मध्ये बसवली तर खुर्ची ढकलणारा रडेल आणि ३६० मध्ये बसवली तर खुर्चीवरचा माणूस स्वतःच्या हाताने चढेल. नुसत्या उंचीने काहीच कळत नाही, ती किती लांबीत वाटलीय त्याने कळतं.

रस्त्यांच्या पाट्यांवर हाच चढ टक्क्यांत लिहितात, १२ टक्के म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर १२ मीटर वर. इथे एक गंमत आहे, बऱ्याच जणांना वाटतं १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत. नाही हो, १०० टक्के म्हणजे शंभराला शंभर, म्हणजे ४५ अंश. उभ्या भिंतीला टक्केवारीच नाही, त्याच्याकडे येतेच.

आणि 'आडवं किती' हे कुठे मोजता यावरून तर एकदा जागतिक भांडण झालं होतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात बाल्डविन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, जगातला सगळ्यात तीव्र चढाचा रस्ता म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद होती, चढ ३४.८ टक्के, अंशांत जेमतेम १९. २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेक गावातल्या एका वळणदार रस्त्याला तो मान दिला, चढ ३७.४५ टक्के म्हणून. ड्युनेडिनच्या बाजूने तक्रार झाली, की वळणावर आतल्या कडेने मोजलं तर अंतर कमी भरतं आणि चढ उगाच जास्त येतो, मोजायचं तर रस्त्याच्या मधोमध मोजा. परत मोजलं तर वेल्सच्या रस्त्याचा चढ २८.६ टक्के भरला आणि २०२० मध्ये मान परत बाल्डविन स्ट्रीटला. रस्त्याची उंची कोणी बदलली नव्हती, फक्त छेद बदलला. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगा, छेदाकडे बघायची सवय लागेल.

आता भिंतीचं. पुस्तकात दोन ओळी असतात, एक्स-अक्षाला समांतर रेषेचा चढ शून्य, वाय-अक्षाला समांतर रेषेचा चढ ठरवता येत नाही. मुलं या दोन ओळी अशा काही एकमेकांत मिसळतात की विचारू नका. परत पेन्सिल. (−३, ४) आणि (५, ४), आठ घरं उजवीकडे, वरखाली काहीच नाही, ० भागिले ८, शून्य. सपाट रस्ता, चढ आहे पण तो शून्य आहे. आता (५, ४) आणि (५, −२). एक घर उजवीकडे गेलो तर किती वर, हा आपला प्रश्न होता ना? पण या रेघेवर राहून तुम्हाला उजवीकडे जाताच येत नाही. एकही घर नाही. प्रश्नच विचारता येत नाही तर उत्तर कुठून देणार, म्हणून 'ठरवता येत नाही'. अनंत का नाही म्हणायचं असं तिने विचारलं (विचारेल बहुतेक, तुमच्या पत्रावरून तरी पोरगी तशी वाटते) तर सांगा, रेघ हळूहळू उभी करत गेलं तर चढ १०, १००, १००० असा वाढत जातो खरा, पण तीच रेघ दुसऱ्या बाजूने झुकवून उभी करत आणली तर −१०, −१००, −१००० असा जातो. उभ्या रेघेला दोन्हीतलं कुठलं टोक द्यायचं? म्हणून काहीच देत नाहीत.

माझी एक फजिती सांगते. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या काळात मी फळ्यावर ठणकावून सांगितलं होतं की चढ १ म्हणजे रेघ बरोब्बर ४५ अंशात दिसणार. एका मुलाने वही आणून दाखवली, चढ १ आहे आणि रेघ जवळपास आडवी पडलीय. मी पाच मिनिटं चूक शोधत बसले, चूक नव्हतीच. त्याने आडव्या अक्षावर एक सेंटीमीटरला १ धरला होता आणि उभ्यावर एक सेंटीमीटरला ५. तेव्हापासून मी आलेख बघताना आधी दोन्ही अक्षांचं स्केल बघते. तुम्ही पेन्सिलने घरं मोजताना हे सांभाळा, घरं नाही मोजायची, घरांवर लिहिलेले आकडे मोजायचे, तुमच्या वहीत दोन्ही सारखे होते म्हणून चाललं. बातम्यांमधले आलेख बघतानाही हे उपयोगी पडतं, उभ्या अक्षावर स्केल ताणलं की जराशी वाढ डोंगरासारखी दिसते.

आणि जिथे दोन अक्षांवर दोन वेगळ्या गोष्टी असतात तिथे तर अंशांचा विचार सोडूनच द्या, तिथे चढ म्हणजे दर. ताप मोजायचं घ्या. पाणी गोठतं ० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरनहाइट. उकळतं १०० ला, म्हणजे २१२. दोन बिंदू मिळाले, (०, ३२) आणि (१००, २१२). चढ १८० भागिले १००, म्हणजे १.८. याचा अर्थ सेल्सिअस एक अंशाने वाढला की फॅरनहाइट १.८ ने वाढतो. म्हणूनच ३७ म्हणजे ९८.६ आणि ३८ म्हणजे १००.४, अख्ख्या १.८ चा फरक. अक्षांची अदलाबदल केली तर चढ ५/९ होतो, म्हणजे तुमच्या मुलीसारखं उलटं, पण तिथे ते चूक नाही, तो वेगळ्या प्रश्नाचा बरोबर दर आहे, फॅरनहाइट एकने वाढला तर सेल्सिअस किती.

पुढे तिला समीकरणावरून चढ काढायचं येईल, तेव्हा परत एक खड्डा आहे, आत्ताच दाखवून ठेवते. तुमच्याच रेघेचं समीकरण आहे ३ एक्स + ४ वाय = ७. पडताळा करा, ए टाकला तर −९ आणि १६, सात. बी टाकला तर १५ आणि −८, सात. आता हे समीकरण बघून निम्मी मुलं चढ ३ लिहितात, कारण वाय = एम एक्स + सी मध्ये (सी म्हणजे रेघ वाय-अक्षाला जिथे छेदते तो आकडा) एक्सच्या पुढे असतो तो एम म्हणजे चढ असं पाठ केलेलं असतं. पण ते वाय एकटा डावीकडे असेल तेव्हाच. आधी वायला एकटा करा, ४ वाय = −३ एक्स + ७, मग चाराने भागा, वाय = −३/४ एक्स + ७/४. आला की नाही आपला ओळखीचा −३/४. तो एम पाहून चढ ओळखायची सवयही फार लावू नका, स्वीडनमध्ये शाळेत वाय = के एक्स + एम असं लिहितात, तिथे चढ के आणि आपला सी म्हणजे त्यांचा एम! अक्षर कुठलंही असो, एक्स एकने वाढला की वाय कितीने बदलतो, ते बघायचं.

लंब रेषांचं पण लगे हाथ. दोन रेषा लंब असतील तर चढांचा गुणाकार −१, हे सगळे पाठ करतात (उभीआडवी जोडी सोडून, तिथे एकीला चढच नाही). पाठ न करता बघायचं असेल तर तुमची रेघ काढलेला कागद तसाच टेबलावर डावीकडे काटकोनात फिरवा. जे आठ घरं उजवीकडे होते ते आता आठ घरं वर झाले आणि जे सहा घरं खाली होते ते सहा घरं उजवीकडे. नवा चढ ८/६ म्हणजे ४/३. उलटला आणि चिन्हही बदललं, का ते कागदानेच दाखवलं.

आता परीक्षेत कसं तपासायचं ते. पूर्ण आलेख नकोच. कोपऱ्यात अंगठ्याएवढी फुली काढा, दोन अक्ष, अंदाजे दोन ठिपके, एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे, जोडा. दहा सेकंदही लागत नाहीत. त्यावर दोन प्रश्न. रेघ डावीकडून उजवीकडे चढतेय की उतरतेय? उतरतेय, मग उत्तर मायनस, काकांचं ३/४ गेलं. दुसरा, आडवं जास्त गेलो की उभं? आडवं आठ, उभं सहा, आडवं जास्त, म्हणजे चिन्ह सोडून आकडा एकपेक्षा लहान हवा. तुमचा ३ गेला, मुलीचा ४/३ गेला. फॉर्म्युला न वापरता तिन्ही चुकीची उत्तरं बाद. हेच काकांना दाखवा, इंजिनिअर आहेत, त्यांना पटेल.

आणि मुलीचं, ती म्हणतेय ना कोणालाच येत नाही. तिला पाठ करू देऊ नका, पण 'मी शिकवते बस' असंही करू नका, दहावीतल्या मुलीला आईने शिकवायला बसवलं की पुढचं तुम्हाला माहितीये. उलट करा. तुमचा आणि काकांचा कागद तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, यांची चूक कुठे झालीय ते लाल पेनने शोध. मोठ्यांच्या चुका शोधायला पोरांना भारी आवडतं, आणि दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःचा उलटलेला −४/३ तिला आपोआप दिसेल, तुम्ही बोलायचीही गरज नाही. मग तिला हे एक द्या: (१, २), (३, ५) आणि (७, ११) हे तीन बिंदू एका रेषेत आहेत का? पहिल्या दोघांचा चढ आणि शेवटच्या दोघांचा चढ काढायचा, सारखा आला तर आहेत. उत्तर मी इथे लिहीत नाही, नाहीतर परत मागचं पान बघितलं जाईल. कागदावर तुम्ही, ती आणि काका तिघांनी वेगवेगळं सोडवा, आणि या वेळी कोणाचं काय आलं ते कळवा, काकांचं मुद्दाम.